पडदेवाल्याचं ओळखपत्र

सरकारने माझ्या दोस्ताला कलावंत ठरवलं आणि मला लिपिक, ते पत्र आलं त्या दिवशी आमच्या घरी गोळाकढी होती. ती मी ताटात तशीच सोडून उठलो. गोळाकढी सोडून उठण्याचा माझ्या आयुष्यातला हा एकमेव प्रसंग. त्यावरून माझ्या दुःखाचा अंदाज यावा.

आधी दोस्त कोण ते सांगतो. त्याच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, दोन एकरांचा कास्तकार, बोलायला महाकंजूष. एखाद्याचं लग्न जमल्याची बातमीही तो "जमलं" एवढ्या एका शब्दात सांगतो. आणि मी? मी गावच्या नाट्यमंडळाचा नायक. आमच्या जत्रेत दरवर्षी नाटक व्हायचं. त्यातली एकोणीस वर्षं सम्राट मी झालो, बॅरिस्टर मी झालो, दारुडा मी झालो, आणि दारुडा सुधारतो तोही मीच. अमडापूरच्या बाजारात भाजी घेताना अजूनही एखादी म्हातारी "हा तर आपला राजा" म्हणते आणि मला दोन वांगी जास्त टाकते.

आणि या एकोणीस वर्षांत माझा दोस्त काय करत होता? पडदा ओढत होता.

मलकापूरहून आणलेलं जाड लाल कापड, त्याला शिवलेल्या कड्या, वरून तार, आणि बाजूच्या अंधारात दोरी धरून उभा असलेला हा. प्रेक्षकांनी त्याचं तोंड एकदाही पाहिलं नाही. तरी त्याचं आणि माझं भांडण असायचं, आणि ते माझ्या मरणावरून. मला मरायला फार आवडायचं. तलवार लागली की मी आधी एका गुडघ्यावर यायचो, मग दुसऱ्या, मग आईची आठवण, मग मातृभूमीची, मग एक उचकी. नीट मरायला मला दहा मिनिटं लागत. हा पाचव्या मिनिटाला पडदा टाकायचा. टाळ्यांचा कडकडाट व्हायचा आणि पडद्यामागे मी मातृभूमीपाशी अडकलेला असायचो.

"काऊन टाकला बे? माही उचकी राह्यली होती!"

"लोक रडून राह्यले होते," तो म्हणायचा. "अजून थांबलो असतो तर हसले असते."

मंडळ बंद पडलं त्याला आता बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात मोबाइलने नाटक मारलं. खरं कारण असं की सम्राटाचा अंगरखा माझ्या पोटावरून खाली येईना.

तर चारेक वर्षांपूर्वी कळलं की वय झालेल्या कलावंतांना सरकार महिन्याला मानधन देतं आणि सोबत एक ओळखपत्रही देतं. मला मानधनाशी देणंघेणं नव्हतं. मी शेजारच्या गावच्या शाळेत लिपिक आहे, पगार आहे. मला हवं होतं ते ओळखपत्र. फोटो, शिक्का, आणि खाली छापील अक्षरात 'कलावंत'. अर्जाला मंडळाचा दाखला लागत होता. मंडळाचे अध्यक्ष स्वर्गवासी झालेले आणि सचिव मीच. लेटरपॅडची चाळीस पानं माझ्या कपाटात शिल्लक होती आणि शिक्काही.

इथे माझ्या अक्षराबद्दल सांगायला हवं. मी सांगितलं नाही तर दुसरं कोणी सांगेल, आणि ते माझ्याइतकं चांगलं सांगणार नाही. आमच्या पंचक्रोशीत कोणालाही अर्ज करायचा असला, विहिरीचा असो, विजेच्या मीटरचा असो की जावयाच्या बदलीचा, तो माझ्याकडे येतो. शाई निळी, वेलांट्या भरदार, शिरोरेषा एका दमात. आणि नुसतं अक्षर नाही, मजकूरही. माझा अर्ज वाचून साहेब खुर्चीत सरळ होऊन बसतो असा माझा अनुभव आहे.

त्या दिवशी मी स्वतःचा दाखला लिहीत असताना दोस्त भिंतीवरून डोकावला. "मलेही लिहून दे ना एक. पाहू, देतात का."

मला हसू आलं. पण माझा स्वतःचा दाखला अकरा ओळींचा झाला होता आणि हात सैल होता. मोठ्या मनाने मी दुसरं पान घेतलं. 'पडदा ओढला' असं लिहून कोण मानधन देणार? म्हणून लिहिलं, 'यांनी सलग एकोणीस वर्षे विविध भूमिका समर्थपणे साकारल्या.' आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

"अबे, म्या कुठं साकारल्या?"

"चूप बस. सरकारी कागदाले एवढं तर लिहाच लागते."

खरं सांगायचं तर माझ्या मनात होतं की माझं ओळखपत्र येणारच, आणि याचा अर्ज टोपलीत जाणार. मग मी याचं सांत्वन करीन. त्या सांत्वनाची दोन वाक्यं मी तयारही ठेवली होती.

झालं उलटं. त्याला मंजुरी आली. मला पत्र आलं की अर्जदार वेतनधारक लिपिक असल्याने लाभास अपात्र. त्यात कलावंत हा शब्दच नव्हता. लिपिक मात्र दोनदा होता.

पुढची तीन वर्षं मी कशी काढली ते माझं मला माहीत. ते कार्ड तो शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचा आणि सुटे पैसेही त्याच खिशात. एसटीत कंडक्टरने सुटे मागितले की आधी कार्ड बाहेर यायचं, मग नाणी. मुद्दाम करायचा का? नाही. मुद्दाम करत असता तर मला बरं वाटलं असतं. कंडक्टर कार्ड पाहून म्हणायचा, "अरे वा, कलावंत काय काका?" आणि हा फक्त मान हलवायचा. शेजारी मी, एकोणीस वर्षांचा सम्राट, खिडकीतून बाहेरची तूर मोजत बसायचो.

गावात झेंडावंदनाला त्याला पुढची खुर्ची मिळू लागली. कोणी त्याला घराबद्दल, पिकाबद्दल विचारेनासं झालं. 'आजकाल कला राह्यली नाही' यावर त्याचं मत विचारू लागले. तो म्हणायचा, "हाव." म्हणजे नुसतं 'हो'. लोकांना ते फार खोल वाटायचं.

एका संध्याकाळी मी ओसरीवर बसलो असताना बायको आतून म्हणाली, "अहो, जळल्याचा वास येऊन राह्यला."

"दूध उतू गेलं असंन."

"दूध खाली उतरवलं म्या मघाच. तुम्हीच जळून राह्यले."

एवढंही मी पचवलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात आमच्याच शाळेच्या संमेलनात नाट्यस्पर्धेला परीक्षक म्हणून त्याला बोलावलं. आमच्या शाळेत! जिथे मी बावीस वर्षं हजेरीपटावर शिरोरेषा ओढतोय! मुख्याध्यापक मला म्हणाले, "परीक्षकांचं सन्मानपत्र तुमच्याच अक्षरात येऊ द्या. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही." मी लिहिलं. 'रंगभूमीची प्रदीर्घ सेवा करणारे ज्येष्ठ कलावंत.' लिहिताना निब मोडली. खोटं वाटेल, पण मोडली.

स्पर्धेत त्याने सातवीच्या पोरींच्या नाटकाला पहिला नंबर दिला. कारण विचारलं तर माइकवर येऊन म्हणाला, "या पोरींचा पडदा बरोब्बर पडला." आणि खाली बसला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी खुर्च्या उचलल्या.

घरी येऊन मी हातपाय धुतले, नवीन निब घातली आणि तक्रार लिहायला बसलो.

तसा अर्ज मी आयुष्यात पुन्हा लिहिणार नाही. 'शासनाची दिशाभूल', 'खऱ्या कलावंतांच्या ताटातील घास', 'ज्यांनी एकही संवाद उच्चारला नाही अशांनी'. मी लिहीत होतो आणि माझाच ऊर भरून येत होता. शेवटी वजनदार काहीतरी हवं म्हणून लिहिलं, 'तसेच असा खोटा दाखला देणाऱ्यासही मोकळे सोडू नये, ही नम्र विनंती.' वाक्य कानाला फार गोड लागलं. दाखला कोणी दिला होता हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलंच नाही. मजकूर रंगला की माझं असंच होतं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत गेलो. टपाल घेणाऱ्या बाबूने कागद उलटसुलट केला. "खाली सही नाही काका."

"निनावी आहे."

"निनावी तक्रार आम्ही घेत नाही. सही करा, पत्ता टाका, नाही तर घरी घेऊन जा."

एवढा सुंदर अर्ज घरी घेऊन जायचा? मी सही केली. त्याने आवक क्रमांक टाकला आणि मला विस्तार अधिकारी मॅडमकडे पाठवलं. मॅडम तरुण, बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या, बोलणं मोजकं. त्यांनी अर्ज वाचला. मी पाहत होतो. शेवटच्या परिच्छेदाला त्या खुर्चीत सरळ झाल्या.

"मॅडम, चारशे वीस लावणार ना?"

"काका, हे पोलिसांचं काम नाही. खोटी माहिती देऊन लाभ घेतला असं ठरलं तर कार्ड रद्द होतं, घेतलेलं सगळं परत करावं लागतं आणि वर दंड. भरलं नाही तर तहसीलमार्फत त्यांच्या सातबाऱ्यावर बोजा चढतो. तुरुंग वगैरे काही नाही."

"मग आजच टाका ना आदेश."

"असं नसतं. आधी नोटीस, मग त्यांचा खुलासा, मग सुनावणी, मग जबाब, मग आदेश. ज्याच्यावर आरोप आहे त्याचं ऐकून घेतल्याशिवाय काही करता येत नाही."

पाच अंकी नाटक! मी तिथून निघालो तेव्हा माझ्या पायांना ताल होता. वाटेत दोनशे ग्रॅम जिलबी घेतली.

पंधरा दिवसांनी सकाळी दोस्त भिंतीवरून डोकावला. हातात लांब लिफाफा.

"गड्या, हे काय आलं पाह्य. वाच बरं."

मी चष्मा लावला आणि जणू पहिल्यांदाच ऐकतोय अशा आवाजात वाचलं. विषय, कारणे दाखवा. आपण कोणतीही भूमिका न करता कलावंत असल्याचे भासवून लाभ घेतल्याची तक्रार प्राप्त झाली आहे. सात दिवसांत लेखी खुलासा. कसूर झाल्यास ओळखपत्र रद्द करून दंडासह वसुली.

"कोणी केली असंन तक्रार?" त्याने विचारलं.

"जळणारे काय कमी असतात गावात?" मी म्हणालो. इतकं नैसर्गिक मी रंगमंचावरही कधी बोललो नव्हतो.

तो बराच वेळ कार्ड हातात फिरवत राहिला. "म्हणजे हे जाते आता."

"बहुतेक."

"तू लिहून दे खुलासा. तुह्याबिगर कोण लिहीन?"

"काय लिहू?"

"खरं लिही. पडदा ओढत होतो म्हणून."

आता पाहा. मला ते कार्ड जायला हवं होतं. तो स्वतः म्हणत होता, खरं लिही. दोन ओळी लिहिल्या असत्या तर काम फत्ते. पण माझ्यासमोर कोरा कागद होता आणि माझ्या हाताने लिहिलेला अर्ज आजवर हरलेला नाही. दुबळा अर्ज मला लिहिताच येत नाही! मी म्हटलं, "तुले समजत नाही यातलं. तू फक्त सही कर." आणि दोन पानी खुलासा ठोकला. 'सदर आरोप निखालस खोटा असून तक्रारदार हा असूयेने पछाडलेला, स्वतः अपयशी ठरलेला इसम दिसतो.' हे वाक्य लिहिताना मला इतकी मजा आली की मी ते दोनदा वाचलं. दोस्ताने न वाचता सही केली. वर म्हणाला, "चहा घेतो का?"

आठवड्याने सुनावणीचं पत्र आलं. त्याला आलं, तसंच मलाही आलं, तक्रारदाराने व्यक्तिशः हजर राहावे म्हणून. मी माझं पत्र पॅंटच्या मागच्या खिशात घडी करून ठेवलं. ठरल्या दिवशी सकाळी त्याची मोटारसायकल दारात उभी.

"चाल माह्यासंगं. तू असला म्हणजे मले धीर येते."

पूर्ण रस्ता मी त्याच्या मागे बसून होतो, त्याच्याविरुद्धच्या पत्रावर. खड्डा आला की ते पत्र टोचायचं. एवढ्या कागदात टोचण्यासारखं काय असतं कोण जाणे.

मॅडमच्या टेबलापुढे दोन खुर्च्या होत्या. बाजूला एक टंकलेखक संगणकावर बसलेला. मॅडमने नाव पुकारलं तसा दोस्त उभा राहिला. मग त्या म्हणाल्या, "तक्रारदार?"

मी उठलो नाही. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "काका, तुम्हीच ना?"

दोस्ताने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा माणूस चुकीच्या एन्ट्रीला स्टेजवर आला की तो विंगेतून ज्या नजरेने पाहायचा ना, तसं पाहिलं. आणि खुर्चीत बसून पुन्हा समोर पाहू लागला.

मॅडमने फाइलमधून तीन कागद काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "हा मंडळाचा दाखला. ही तक्रार. हा खुलासा." आणि थोडं थांबून, "तिन्ही अक्षरं एकाच माणसाची आहेत."

टंकलेखकाने मान वळवली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"दाखल्यात लिहिलंय की यांनी विविध भूमिका समर्थपणे साकारल्या. तक्रारीत लिहिलंय की यांनी एकही संवाद उच्चारला नाही. आणि खुलाशात," त्यांनी पान उलटलं, "लिहिलंय की तक्रारदार हा असूयेने पछाडलेला, अपयशी इसम आहे. हे वाक्य कोणी सुचवलं?"

"सुचवलं नाही, मॅडम," मी म्हणालो. "आपोआप आलं."

टंकलेखक हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दाखला माझ्यापुढे सरकवला. "विचार करून सांगा. हे अक्षर, ही सही तुमची आहे का? तुम्ही नाही म्हणालात तर दाखला बनावट ठरतो. बनावट कागद यांनी सादर केला असं होतं आणि मग प्रकरण माझ्याकडे राहत नाही, ते खरंच पोलिसांकडे जातं. हो म्हणालात तर खोटा दाखला दिल्याबद्दल दंड तुम्हालाही बसेल. तुम्हीच मागणी केली आहे, दाखला देणाऱ्याला मोकळं सोडू नये."

मी कबूल करतो. 'नाही' हा शब्द माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आला होता. एका शब्दात कार्ड जात होतं, पुढची खुर्ची जात होती, आणि मी मोकळा होत होतो. शेजारी दोस्त बसला होता, दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. दोरीने पडलेले घट्टे अजून होते. त्यांच्याकडे पाहून माझं मन द्रवलं असं लिहिण्याचा मोह होतो. पण तसं झालं नाही. झालं असं की मी दाखल्याकडे पाहिलं. काय शिरोरेषा होती! 'समर्थपणे'मधला रफार पाहा, जणू पिसारा. हे अक्षर माझं नाही म्हणायचं? मग आख्ख्या तालुक्यात आणखी कोणाचं असणार?

"माझंच आहे," मी म्हणालो.

दोस्त खुर्चीत पुढे सरकला. मग पहिल्यांदाच बोलला. "मॅडम, त्याचं काही चुकलं नाही. तक्रार खरी हाय. म्या एकही भूमिका केली नाही. पडदा ओढत होतो."

"मग अर्ज का केलात?"

"कार्डावर कलावंत लिहून येते म्हणून."

"आणि मानधन?"

"ते पोस्टात हाय. हात नाही लावला. आपलं नाही हे मले माहीतच होतं." त्याने कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "हे तेवढं आवडलं होतं."

मला काय वाटलं म्हणता? हेवाच तो, दुसरं काही नाही. मी तीन वर्षं त्याला लबाड ठरवण्यात घालवली आणि हा माणूस पोस्टात प्रामाणिकपणा साठवून बसला होता. इथेही माझ्यापुढे!

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सचिव होतात. यांनी नेमकं काय केलं ते जबाबात सांगा. जे खरं आहे तेवढंच. आदेश काढताना ते पाहावं लागेल."

म्हणजे मला त्याचं कौतुक करायचं होतं. सरकारी कागदावर. सहीनिशी. याहून मोठा दंड कोणत्याच कायद्यात नसेल.

मी उभा राहिलो. बसून मला बोलता येत नाही. सुरुवात तुसडेपणाने केली, की पडदा वेळेवर ओढायचा, वेळेवर टाकायचा, बस्स. "म्हणजे कोणीही करू शकलं असतं?" मॅडमनी विचारलं. आणि मला लोणार आठवलं.

लोणारला आमचा प्रयोग होता. आमच्या गावाबाहेरचा पहिला. तुडुंब गर्दी. दरबाराचा प्रवेश, मी सिंहासनावर, आणि प्रधान विचारतो, "महाराज, निर्णय?" आणि माझ्या डोक्यात काहीच नाही. कोरी पाटी. प्रॉम्प्टर ओरडून राहिलाय, पण माझे कान बंद. पाच-सहा सेकंद गेले असतील. कुठूनतरी एक शिट्टी आली. आणि तेवढ्यात पडदा हलला. धाडकन नाही पडला. सावकाश, अगदी सावकाश येत गेला, जणू राजाचं मौन हाच निर्णय आहे. लोकांनी टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला. पडद्याआड याने मला पाणी दिलं, म्हणाला, "फाशी द्या, हे वाक्य हाय." आणि पडदा परत उघडला. मी म्हणालो, "फाशी द्या!" पुन्हा टाळ्या.

दुसऱ्या दिवसापासून मी साऱ्यांना सांगत आलो की तो विराम माझा होता. मुद्दाम घेतलेला. शाळेत पोरांना अभिनय शिकवताना तोच दाखला द्यायचो. बायकोलासुद्धा खरं ठाऊक नव्हतं. तालुक्याच्या त्या कचेरीत, पंख्याखाली, ते पहिल्यांदा माझ्या तोंडून बाहेर पडलं. आणि एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. माझ्या मरणाचंही सांगितलं. पाचव्या मिनिटाचं. प्रत्येक गावात तो आधी प्रेक्षकांत जाऊन बसायचा, बायका पुढे आहेत की मागे, पोरं किती, थंडी किती, ते पाहायचा आणि मग दोरी हातात घ्यायचा, तेही सांगितलं. "मॅडम, टाळ्या माझ्या नावावर जमा होत होत्या," मी म्हणालो, "पण काढून देणारा हा होता."

टंकलेखकाचे हात थांबले होते.

"लिहा हो," मॅडम त्याला म्हणाल्या.

"लिहितो. पण फाशी द्यायच्या आधी काय झालं ते परत सांगा काका."

मग माझी तक्रार मॅडमनी मोठ्याने वाचून दाखवली. ऐकवणं नियमाप्रमाणे आवश्यक होतं. खऱ्या कलावंतांच्या ताटातील घास वगैरे सगळं. मी जमिनीकडे पाहत होतो. सह्या झाल्या. कार्ड फाइलमध्ये गेलं.

बाहेर पडल्यावर दोस्त मोटारसायकलला किक मारत होता. मी उभा राहिलो. चालत जावं की काय, असा विचार करत होतो.

"बस ना," तो म्हणाला. "पायी जातो का बे?"

मी बसलो. गाव दिसायला लागलं. तेव्हा तो मान अर्धी वळवून म्हणाला, "खुलासा चांगला लिहिला होता तू."

"हं."

"पण तक्रार त्याच्यापेक्षा भारी हाय."

महिन्याभराने आदेश आला. ओळखपत्र रद्द, घेतलेलं मानधन परत, त्याने स्वतःहून कबुली दिल्यामुळे त्याच्यावर दंड नाही. खोटा दाखला दिल्याबद्दल दंड सचिवावर, म्हणजे माझ्यावर. आणि खाली एक ओळ, की अर्जदारास प्रत्यक्ष केलेल्या कामाच्या खऱ्या दाखल्यासह नव्याने अर्ज करण्यास मुभा राहील, सोबत सचिवाच्या जबाबाची प्रत जोडावी. नवा दाखला मी त्याच दिवशी लिहिला. 'यांनी एकोणीस वर्षे नाटकाचा पडदा ओढला.' एवढंच. अर्जावर सही करण्याआधी त्याने पहिल्यांदाच कागद वाचला. तो अर्ज आता तिकडे कुठल्या टेबलावर आहे, माहीत नाही. विचारायला तो जात नाही. मीच दोनदा जाऊन आलो.

बायकोने आदेश वाचला, घडी केली आणि म्हणाली, "एवढे पैसे देऊन खरं बोलणारा माणूस म्या पहिल्यांदा पाह्यला."

चलन भरायला आम्ही दोघं बँकेत गेलो. त्याची वसुली, माझा दंड. रांगेत वीसेक माणसं. खिडकीतल्या पोराने दोन्ही चलनं पाहिली, एकच आदेश क्रमांक पाहिला आणि काचेतून वर बघितलं. "दोघं सोबतच? असं काय केलं हो काका?"

मी घसा साफ केला. असा प्रसंग, मागे वीस माणसांचा प्रेक्षकवर्ग, आणि बोलायची पाळी माझी. पण मी शब्द जुळवत होतो तेवढ्यात हा, जन्मात चार शब्द सलग न बोललेला माणूस, माझ्या खांद्यावरून पुढे वाकून म्हणाला,

"नाटक केलं ना साहेब. लिहिलं यानं. पडदा टाकाले मलेच उशीर झाला."

आख्खी रांग हसली. खिडकीतला पोरगा इतका हसला की त्याने शिक्का उलटा मारला आणि दुसरं चलन करावं लागलं. एक म्हातारे पुढे येऊन याच्या पाठीवर थाप मारून गेले. माझ्या पाठीवर नाही.

परतीच्या सगळ्या रस्त्यात मी त्याच्या मागे बसून त्याहून बरं वाक्य शोधत होतो. घर आलं, तो उतरला, बैलांना पाणी पाजायला निघून गेला. मी अजून शोधतोय.